फ्रिजसमोरची चप्पल

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय. नव्या गोठ्यात लाईट न्यायची, तर बाबा म्हणे घरातल्या प्लगमधून वायर काढू, पत्र्यावरून टाकू, झालं. अर्थिंग नको, गळती झाली की लाईन तोडणारा स्विच नको.

"आपल्या घरान कदी कोनाला शॉक बसलाय काय?"

आणि फ्रिजसमोरची ती रबरी चप्पल? ती घातल्याशिवाय आई फ्रिजला हात लावत नाही. आम्हाला त्याचं काही वाटतच नाही. गोठ्यात तर आई ओल्या जमिनीवर बसून, ओल्या हातांनी दूध काढणार.

चप्पल उचलून बाबांसमोर धरली.

"मंग तिकडंबी एक जोड ठेवू."

"आणि म्हशीला?"

आई हसली. बाबा उठले, कोन गावच्या वायरमनला फोन लावला. उद्या येतोय. म्हशीसाठी. आईला चप्पल पुरत होती.