शेवटचा डबा

भाऊ, तुमचा उजवा हात मोडला त्या दुपारबद्दल लिहायला बसले आहे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुम्ही दवाखान्याचे कंपाउंडर, मी पोंभुर्ण्याहून एटापल्लीच्या जंगलात नवी आलेली नर्स. सरकारी जीप कायम बंद, म्हणून तुम्ही बांबूच्या ट्रकवाल्याशी संधान बांधलं होतं. बल्लारपूरला बांबू उतरवून परतताना तो चंद्रपूरहून आपली औषधं आणायचा. आणि तुमचा एक नियम होता. "शेवटचा डबा फोडाचा नाई, बाई. साहेब तपासणीले आले अन् कपाट रिकामं दिसलं, तर आपली धडगत नाई." मी शहाण्यासारखी मान डोलावली.

त्या दिवशी डॉक्टर रजेवर, तुम्ही ट्रकबरोबर गेलेले. बाजेवर घालून एका बाईला आणलं. हिवतापानं तिला झटके येत होते, जीभ चावून तोंड रक्तानं भरलं होतं. क्विनीनच्या इंजेक्शनांचा एकच डबा उरला होता आणि दुसऱ्या दिवशी तपासणी. मी म्हटलं, "दवा सरली. ट्रक येऊन राह्यला, थांबा." तासाभरात ती व्हरांड्यातच गेली. मागच्या साली तिच्या नवऱ्याला तसल्याच डब्यातली इंजेक्शनं दिली होती. कपाटाच्या काचेतून त्यानं तो ओळखला.

कुऱ्हाडीच्या पहिल्या घावात काच फुटली, दुसऱ्यात कपाटाचं दार. माझी वेणी धरून त्यानं मला जमिनीवर आपटलं. काचा माझ्या तळहातात घुसतात, आणि तेवढ्यात तुम्ही ट्रकमधून उतरता, दोन्ही हातांत खोकी. "कोन म्हनलं दवा सरली?" तो विचारतो. तुम्ही माझ्याकडे बघता, खोकी खाली ठेवता. "मीच सांगून गेलो होतो. कुलूप माहं हाये. तिले सोड." कुऱ्हाडीची उलटी बाजू तुमच्या कोपरावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तुम्ही खाली पडल्यावरही तो मारतच राहिला, ट्रकवाल्यानं त्याला मागून आवळून धरेपर्यंत. तुमचा तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही.

मला तुमचा संताप आला होता, भाऊ. अजून येतो. मला वाचवायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? पोलिसांत तुम्ही गेला नाहीत. हात गळ्यात बांधून त्याच्या गावी गेलात आणि क्विनीनच्या गोळ्या त्याच्यापुढे ठेवल्यात. "दवा तुह्या घरी राहील. कुलूप नाई." त्यानं त्या उकिरड्यावर फेकल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा फेकल्या. तिसऱ्यांदा ठेवून घेतल्या. मग आसपासच्या टोल्या-पाड्यांवरही दवा ठेवणारं असं एकेक घर झालं.

हल्ली परदेशी पाहुण्यांसमोर मला बोलावतात. औषधपुरवठ्यात गावाची भागीदारी कशी उभी राहिली, ते सांगा म्हणतात. मी ट्रक सांगते, कुऱ्हाड सांगते, तळहातावरचे व्रणसुद्धा दाखवते. आणि 'दवा सरली' असं कंपाउंडर म्हणाला, असं सांगते. तुम्हीच तसं कबूल केलं होतं ना.

पत्र पाठवायला पत्ता नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलं. कुलूप तुमचं होतं, भाऊ, पण चावी त्या दिवशी माझ्या कमरेला होती. परवा पुन्हा भाषण आहे. तिथंही मी हे सांगणार नाही.