कागदावर वाढलेले मासे

१४ डिसेंबर २००४
मासेमार संस्थेच्या बैठकीत आज माझा कागद हातोहात फिरला! ऑगस्टमध्ये गावतलावात सोडलेली कटला माशाची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, पन्नास ग्रॅमची, महिन्याभरात ऐंशीची. म्हणजे महिन्याला साठ टक्के वाढ. सिंदेवाहीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एक्सेलच्या तक्त्यात तेच सूत्र पुढच्या महिन्यांसाठी खाली ओढलं — मेमध्ये एकेक मासा साडेतीन किलोचा! अध्यक्ष लच्छूभाऊ म्हणाले, "मंग दरसालासारखं फेब्रुवारीत जाळं काऊन टाकाचं? मेपर्यंत थांबू." बाबा चारदा सांगत होते, "माह्या मैनाचा हिशोब आहे."

१५ डिसेंबर
सूत्र आणखी खाली ओढलं. पुढच्या ऑगस्टला मासा चौदा किलो! आपल्या तलावात असा मासा कोणी पाहिला? फाइल बंद केली. कोणाला सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी
घाटावर शेजारची रंजीतावहिनी — "मैना, तुहा एक मासा उचलाले दोन माणसं लागन का वो?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

३ मार्च
क्लासच्या देवानंद सरांना शेवटी विचारलंच. म्हणाले, "मासा का असाच वाढत राह्यते? तलावात जागा किती, खानं किती! वर्षात किलोच्या वर नाई जात. तुह्या सूत्राले हजार ग्रॅमवर थांबव."
=MIN(B2*1.6,1000)
मागच्या महिन्याच्या वजनाची दीडपटीहून जास्त वाढ आणि हजार ग्रॅम, दोन्हींतला लहान आकडा घेतो. एवढंच! मार्चपासून खाली हजार, हजार, हजार. म्हणजे मेपर्यंत थांबून काही फायदा नाही. तलावात अजून पाणी आहे, अजून जाळं टाकता येईल. प्रिंट काढली. उद्या दाखवते.

२८ मार्च
नाही दाखवली.

९ मे
पाणी गुडघ्याखाली, नुसतं तापलेलं. सकाळी सगळा कटला मरून वर — पांढरी पोटं. एकही मासा अर्धा किलो भरेना. बायका टोपल्यांनी काढून खड्ड्यात पुरत होत्या. लच्छूभाऊ एवढंच म्हणाले, "ऊन लय तपलं यंदा, बाई." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

१० मे
बाबांपुढे प्रिंट ठेवली. मार्चमध्येच कळलं होतं, सांगितलं. लाज वाटली म्हणून गप्प बसले, तेही सांगितलं. बाबा जाळ्याची गाठ सोडवत राहिले. जेवले नाहीत.

११ मे
आज बाबा बोलले. "होळीच्या आंधीच म्या जाळं टाकून पाह्यलो होतो, मैना. पाव किलोच्या वर एक नाई निंगाला. पन चारचौघांत आपल्या पोरीचा कागद खोटा कसा मनू?"