तू खणलेला चर

आर्तिदोरो,

आपल्या वळणाला आता सगळे तळं म्हणतात. पाणी हलत नाही, वर शेवाळ धरलंय.

उकायाली नदीचं हे वळण घालून घरी यायला तुला अर्धा दिवस लागायचा, म्हणून तू मधल्या चिंचोळ्या जमिनीतून होडीपुरता चर खणलास. म्हणालास, "सोयला, आता जेवण गरम असतानाच पोचेन बघ!"

मेलिता मावशी तेव्हाच म्हणाली होती, "नदीला आयती वाट दाखवू नकोस रे बाबा. डोंगरातून निघाल्यापासून तिला समुद्राची घाई आहे." तू हसलास.

तू लाँचवर कामाला गेलास आणि पुढच्याच पुरात नदी तुझ्या चरात शिरली. काठ ढासळत गेले, चराचीच नदी झाली आणि आपलं वळण मागे तुटून राहिलं. लोकांनी लाकडी घरं सुटी केली आणि खांब-फळ्या घेऊन नव्या काठाला गेले. मावशी ओरडली, "चल गं, इथे काय बेडूक राखणार?" मी नाही गेले. म्हटलं, तू घर इथेच शोधशील.

जंगलापलीकडे लाँचचा भोंगा वाजला की मी अजून केळी भाजायला ठेवते.

हे पत्र द्यायला नव्या धक्क्यावर जावं लागेल. लाँच तिथे थांबते म्हणे. म्हणजे तू उतरत नाहीस, हे डोळ्यांनी बघावं लागेल. त्यापेक्षा नदीनेच वाट बदलली, असं म्हणत बसलेली बरी.

जुन्या वळणावरची,
सोयला