रिकाम्या आकाशातला खड्डा

४ जून
पोचले एकदाची! नाकात प्राणवायूची नळी, हातात कोकाच्या पानांचा चहा आणि खिडकीबाहेर चिलीतलं अटाकामाचं पाच हजार मीटर उंच पठार. रेडिओ दुर्बीण चालवणाऱ्या फिदेलियाबाईंनी स्वागतच टोमण्याने केलं: किनाऱ्यावरची माणसं इथे माशासारखी तडफडतात, पोरी; नळी काढलीस तर तुला खांद्यावर घालून खाली न्यायला मी काही रिकामी नाही. हसून हसून धाप लागली.
मी आलेय रेनानचं अर्धवट काम पुरं करायला. माझा नवरा. गेल्या हिवाळ्यात घाटात त्याची गाडी बंद पडली, तो इकडे चालत निघाला आणि पोचलाच नाही. वाटेत, तो गेला तिथे, त्याच्या आठवणीची छोटी देवळी आहे. तिथे पाण्याची बाटली ठेवून आले. रस्त्यावर मेलेल्यांना तहान लागते, म्हणतात इथे.

५ जून
कार्बन मोनॉक्साइड विरळ वायूतही चमकतो. हायड्रोजन सायनाइडची रेषा मात्र उमटते दाट वायूत, जिथे तारे जन्मतात. आधी ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगाकडे बघायचं, मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, आणि ढगातून रिकामं वजा करायचं. आज आलेखावर रेषेच्या उंचवट्याऐवजी खड्डा आला. म्हणजे ‘रिकामं’ रिकामं नव्हतं. बाई म्हणाल्या, नवऱ्यासारखीच आंधळी आहेस, जागा बदल.

७ जून
जागा बदलली. खड्डा तिथेही. आणखी एकीकडे, तिथेही. रेषा किती सरकली त्यावरून वायू आपल्याकडे किती वेगाने येतोय ते कळतं. ढग सेकंदाला कित्येक किलोमीटर धावतात. हे येतंय माणसाच्या चालीने.
बाईंना सांगितलं. त्यांनी या वेळी टोमणा मारला नाही. देवळीतली बाटली रिकामी आहे म्हणाल्या, झाकण घट्ट. इथल्या जूनच्या कडाक्याच्या थंडीत पाणी गोठायला हवं होतं.

९ जून
आज उलटं केलं. रिकामं आकाश धरलं, ढग वजा केला. खड्ड्याची रेषा झाली — उंच, अरुंद, थंड. मी खूप रडले. इतके दिवस मी त्यालाच वजा करत होते.

११ जून
बाईंना ताप, खाली नेलं. जाताना बजावलं, हवा कमी पडली की आपली माणसं हाका मारतात. ओ द्यायची नाही, नळी काढायची नाही. बदली माणूस संध्याकाळी येईल.
वेग कमी होतोय. दार जवळ आलं की पावलं मंदावतात तसा —

दुपार
वेग शून्य.
दारात तो. ओठ फुटलेले. त्याने देवळीतली रिकामी बाटली पुढे केली — पाणी झालं पिऊन, म्हणतो. माझ्या नळीकडे बघतोय —
थोडी हवा दे, मिरेया. दमलोय गं.
हात किती गार. माझा रेनान. क्षणभरच त्याच्या नाकाला लावते, मग परत —