रिकाम्या ताटाची मांडणी

ती. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला समजून घे). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? इकडे मी ठणठणीत.

विशेष म्हणजे, दवाखान्यातल्या नर्सबाईंनी माझ्या मोबाईलवर एक ॲप बसवून दिलं. दोन्ही वेळच्या जेवणाचे फोटो पाठवायचे. ताटात काय कमी आहे ते ॲप ओळखतं, आणि ज्याला खरंच कमी पडतंय त्याच्या दारात दर आठवड्याला भाजी, डाळ, अंडी येऊन पडतात. योजना चांगलीच. घोटाळा माझ्या हातांचा. तीस वर्षं कापडाच्या दुकानाच्या काचेत माल मांडला. काच रिकामी दिसली की माझा जीव खालीवर व्हायचा. असा माणूस ताटात नुसता अर्धा बटाटा कसा ठेवणार? त्याच्या पातळ चकत्या केल्या, पंख्यासारख्या पसरल्या, समोरच्या बिऱ्हाडातून एक टोमॅटो आणि दोन अंडी घटकाभर मागून आणली, फोटो काढला आणि जशीच्या तशी परत नेऊन दिली. (चार दिवस तोच टोमॅटो. पाचव्या दिवशी सुरकुतला, तेव्हा शेजारीणबाईंनी आपणहून नवा दिला.) ॲप खूश. आठवड्याअखेर निरोप आला की आहार समतोल आहे, अभिनंदन, आपलं नाव यादीतून काढलं आहे. वर सल्ला, अंडी जरा बेतानं.

मग नर्सबाई कंबर बघायला घरी आल्या आणि पाणी घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ डब्यांच्या झाकणांचे आवाज येत होते. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "काका, ताट रिकामं असेल तर रिकाम्याचाच फोटो पाठवा."

मला फार लाज वाटली. त्याच संध्याकाळी पाठवला. पण घासून लख्ख केल्याशिवाय ताट चारचौघांत दाखवणं जमेना. ॲपचं उत्तर आलं की सगळं संपवलंत, शाबास.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. नर्सबाई म्हणतात, फोटो राहू द्या, एका प्रश्नाचं उत्तर द्या : गेल्या महिन्यात घरात काही नाही म्हणून जेवण चुकलं का? तीनदा बोट 'हो'वर नेलं आणि तीनदा 'नाही' दाबून मोकळा झालो.

आणखी एक. जवळचं माणूस म्हणून तुझा नंबर दिला आहे. गुरुवारी हाच प्रश्न विचारायला नर्सबाईंचा फोन येईल. आपल्या घरची खोड मला ठाऊक आहे. भाऊ खाऊनपिऊन सुखी आहे, असं तू बेधडक सांगशील. ताई, या वेळी तसं सांगू नकोस. माझ्याच्यानं 'हो' म्हणवत नाही, तेवढं तू म्हण.