चुसोकची शेवंती

प्रिय जियॉन मॅडम,

आज तुमचा कोरियन चुसोक, पितरांना जेवण वाढायचा सण. गेल्या वर्षी बाणेरच्या फ्लॅटमध्ये तुम्ही सासू-सासऱ्यांच्या नावाने टेबल मांडलं होतं. पोटात सातव्या महिन्यात गेलेल्या बाळाला तुमच्यात वाढत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. मी कडेला वाटीभर खीर ठेवली. साहेबांनी वाटीकडे बोट दाखवून ओरडून काही विचारलं. भाषा मला कळली नाही, पण तुम्ही 'मीच ठेवली' म्हणून स्वतःच्या छातीवर हात ठेवलात, ते कळलं. माझं काम टिकलं. साहेब दोन महिने तुमच्याशी बोलले नाहीत आणि मी खरं न सांगता तुमचा स्वयंपाक करत राहिले.

परत सोलला जाताना तुम्ही मला बाळाला पुरलेला स्मशानभूमीतला कोपरा दाखवलात. "ताई, बाळाला बघाल?" मी हो म्हटलं.

आज शेवंती घेऊन गेले, तर सगळीकडे सिमेंटच्या फरश्या. तिथल्या माणसाला विचारलं, "इथे लहान मुलं पुरायचे ना?"

"पुरायचे की. पण आता कुठलं कुठे, कोण सांगणार मावशी?"

तासभर फिरले. शेवटी दिसेल त्या एका फरशीवर फुलं ठेवली आणि फोटो काढून तुम्हाला पाठवला. हे पत्र मात्र पाठवायचा धीर होत नाही, कारण तुमचं लगेच उत्तर आलं, "थँक यू ताई. जागा किती स्वच्छ ठेवलीत."

तुमच्याकडे स्वयंपाक करणारी,
विशाखा