नैवेद्याचा मान

आई, तुझी पाळी थांबली तेव्हा आपल्या कवठ्याच्या घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आत्या, तुझी थोरली नणंद, ओसरीवरून ओरडली, "सुटलीस गं बाई! आता नवरात्राचा नैवेद्य तूच करायचा. मधीच बाहेर बसायची भीती न्हाई." त्या घरात तुला मिळालेला तो एकच मान. तू चक्क लाजलीस. मान म्हणजे चूल. अंगातून वाफा निघत असायच्या आणि तू पुरण शिजवत असायचीस. ऐन थंडीत मागचं दार उघडून उभी राहायचीस, तर आबा, माझे वडील, खेकसायचे, "दार लाव की! हुडहुडी भरली हितं." तुला काय होतंय, हे कुणी विचारलं नाही. मला तर त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तू हट्टाने मला दौंडला नन्सच्या शाळेत घातलंस. तिथे सिस्टर बाईच्या शरीराच्या धड्याची पानं भराभर उलटायच्या. घरी मराठीत गप्प बसायचं, शाळेत इंग्रजीत.

मग थांबलेलं पुन्हा सुरू झालं आणि तू ते लपवलंस. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंकडे तुला नेलं तेव्हा संक्रांत होऊन गेली होती, तू वाळून काटकी झाली होतीस. त्या विचारतात, "अंगावरून कधीपासून जातंय, मावशी?" तू जमिनीकडे बघत म्हणतेस, "घट बसायच्या आधीपासनं."

"आणि आत्ता सांगताय?"

"सांगितलं असतं तर चुलीपाशी कोन जाऊ देतंय?"

सोबत आलेली आत्या ताडकन उठली. "म्हंजी देवीचा नैवेद्य इटाळला की गं!" डॉक्टरीणबाई सांगतायत, पिशवीत गाठ लागतेय, आजच पुण्याला न्या, आणि ही पुरणपोळीचा शोक करतेय. मी म्हटलं, "देवीही बाईच आहे, आत्या. तिला कळेल. तुम्हाला नाही कळणार." तू माझा हात दाबलास. "गप. मोठ्या हायेत त्या."

पुण्यात म्हणाले, उशीर झाला. पुढच्या नवरात्रात तू नव्हतीस. आत्याने हट्ट धरला म्हणून घट मात्र वेळेवर बसले, नैवेद्य तिच्या सुनेने केला. लोक म्हणतात, जुनं उगाळू नका. मी उगाळणार. तुला मारलं ते त्या गाठीने एकटीने नाही.

हे पत्र कुठे टाकायचं, ठाऊक नाही, कपाटातच राहील. पण एक सांगते. माझी पाळी थांबली त्या वर्षी एका दुपारी ओट्यापाशी अंग पेटलं आणि मी मोठ्याने तुला हाक मारली. हे धावत आले. "काय गं, भाजलं का?"

मी हो म्हटलं.